नऊ वाव

केळुसकरांनी चौतीस वर्षं समुद्रातून मीठ काढलं.
म्हणजे मुहर्रकच्या नळांना प्यायचं पाणी दिलं,
पण पाण्याबद्दल घरी कधी बोलले नाहीत.
बोलले ते दीपनौकांबद्दल,
जेवताना, आमटी निवेपर्यंत.

(मी त्यांना आडनावानंच हाक मारते.
प्रयोगशाळेत सगळे मारत, तीच सवय लागली.)

दीपनौका म्हणजे, ऐका, मलाही ऐकावंच लागलं:
जिथं दीपस्तंभाला पाय रोवायला खडक नाही,
नुसता गाळ, नुसती वाळू,
तिथं एक जहाज नेऊन उभं करायचं.
अंगाला लाल रंग, कुशीवर नाव पुरुषभर अक्षरांत,
डोलकाठीवर दिवा,
तळाशी अळंब्यासारखा नांगर
आणि सात माणसं, ज्यांना कुठंही जायचं नाही.

सासूबाई एकदा वेंगुर्ल्याहून आल्या होत्या.
चष्मा पुसून त्यांनी भिंतीवरचा फोटो पाहिला.
"जहाज असान खंय जायत नाय,
तर ता कसला रे जहाज?"
केळुसकर हसले. उत्तर दिलं नाही.
व्हिसाचं नूतनीकरण तेव्हा नवव्यांदा झालं होतं.

घरात काय काय आलं सांगू?
मनामाच्या भंगारातून नांगराच्या साखळीची एक कडी,
अकरा किलोची. दार आपटू नये म्हणून ती मी दाराशी ठेवली.
कसरीनं खाल्लेले नकाशे.
कुणा दीपनौकेवरची नोंदवही, तिच्यात बत्तीस पानं
धुकं. घंटा वाजवली.
धुकं. घंटा वाजवली.
आणि माझ्या लोणच्याच्या बरण्यांत, तारखा घालून, गंज.
लोखंड कुठल्या पाण्यातलं ते रंगावरून सांगत,
आणि चष्मा कुठं ठेवला ते मला विचारत.

निवृत्तीचं पत्र मार्चमध्ये आलं.
रेसिडेन्सी महिनाअखेरपर्यंत.
कंटेनर भरून गेला. उरल्या दोन गाद्या, एक किटली,
हातसामानातली नोंदवही
आणि खलफचा फोन: "डॉक्टर, वारा पडलाय. चला."

खलफचे आजोबा मोत्यांच्या तारवावर पाणबुडे होते.
चार महिन्यांनी परतताना तो दिवा दिसला
की तारवावर कुणीतरी गळा मोकळा करी,
कारण तिथून घर एका रात्रीवर.
दिव्याचं नाव आजोबांना ठाऊक नव्हतं.

फायबरची होडी. मला मळमळत होतं.
"नांगरलेल्या जहाजावर याहून जास्त होतं,"
ही केळुसकरांची धीर द्यायची पद्धत.
अंदाजानं एका जागी खलफनं इंजिन बंद केलं.
काही नव्हतं तिथं, एक बोयासुद्धा नाही.
दक्षिणेला रिफायनरीची ज्योत, तीही बारीक.

केळुसकरांनी खिशातून दोरी काढली, टोकाला बोल्ट.
मी विजेरी धरली, ते गाठी मोजत गेले.
नकाशात नऊ वाव. दोरीवर साडेआठ.
"अर्धा वाव वाळू चढली," म्हणाले,
आणि मग बराच वेळ
ओली दोरी दोन बोटांत धरून बसले,
नाडी बघावी तसे.

तेवढ्यात काळोखातून एक लाँच, सरळ आमच्यावर.
खलफ इंजिनाशी झटू लागला.
मी उभी राहिले, विजेरी उंच केली.
ओरडले नाही, हात हलवले नाहीत.
काचेवर तळवा. काढला. तळवा. काढला.
दोनदा, मग दहा आकडे मोजून पुन्हा दोनदा.
कुठून आलं हाताला, विचारू नका.
लाँचनं नाक वळवलं,
आम्हाला डावीकडे ठेवून गेली.
तिच्या लाटांवर आम्ही खूप वेळ हलत राहिलो.

घरी आल्यावर, गादीवर मांडी घालून,
त्या बत्तीस पानांनंतरच्या कोऱ्या पानावर
केळुसकरांनी लिहिलं:
वारा नाही. खोली साडेआठ वाव.
दिवा चालू होता.
एक जहाज गेलं.

मग विचारलं, "कडी कंटेनरमध्ये घातलीस ना?"
नाही.
ती होती तिथंच होती,
आणि दार तिला टेकून उघडं.